३६ फुटी बोट, १० टक्के कमिशन आणि पोर्टलचं बिल

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला तुमची १९९५ सालची कॅटालिना ३६ ही शिडाची बोट आहे. मुलं शिक्षणासाठी बाहेर पडली, तुमची पाठ कुरकुरते, बोट महिनोन्‌महिने डॉकला नुसती बांधलेली असते, म्हणून विकायची आहे. मनातला भाव ५८,००० डॉलर. तुम्ही तीन ब्रोकरांना फोन केलेत. पहिला म्हणाला, एवढ्या किमतीची बोट आम्ही घेत नाही. दुसरा तयार आहे, पण कमिशन १० टक्के आणि काही झालं तरी ५,००० डॉलरच्या खाली नाही. तिसरा १० टक्के मागतोच, वर सुरुवातीलाच ६०० डॉलर ‘मार्केटिंग फी’ मागतो. कारण काय, तर ऑनलाइन पोर्टलचे दर वाढलेत. तुम्ही विचारता की स्वतः जाहिरात टाकली तर किरकोळ पैशांत भागतं, मग हा लिस्टिंगचा, म्हणजे बोट पोर्टलच्या यादीत टाकायचा, खर्च खरा की कमिशन टिकवायची सबब?

खर्च खरा आहे. पण तो जिथे लागतो असं तुम्हाला वाटतंय तिथे तो लागत नाही. पोर्टलचं बिल वाढलं म्हणून कुणी १० चे ११ टक्के करत नाही. त्या बिलाने ठरतं ते इतकंच की ब्रोकर कुठली बोट हातात घेणार आणि कुठलीला नाही म्हणणार. तुम्हाला मिळालेला पहिला नकार तिथून आलाय, आणि दुसऱ्याची किमान ५,००० ची अटही तिथूनच.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनियर होतो. २००१ मध्ये जहाज सोडलं आणि फोर्ट लॉडरडेलच्या एका ब्रोकरेजमध्ये लागलो. यॉटवर्ल्ड हे बोटी विकायचं ऑनलाइन पोर्टल १९९५ मध्ये सुरू झालं होतं, म्हणजे तेव्हा त्याला सहा वर्षं झाली होती. तरी ऑफिसातलं फॅक्स मशीन दिवसभर खरखरायचं. बोटीचं एक पानी वर्णन टाइप करायचं, गावभरच्या ब्रोकरांना फॅक्स करायचं, आणि मासिकात पानभर जाहिरात द्यायची, त्यात टपाल तिकिटाएवढे वीस फोटो. मजकूर छपाईच्या खूप आधी द्यावा लागे, त्यामुळे अंक हातात पडेपर्यंत एखादी बोट विकलेलीही असे. जाहिरात तेव्हाही महागच होती. पण मासिकं चार-पाच होती. एकाने दर चढवला की दुसऱ्याकडे जाता यायचं.

यॉटवर्ल्ड ही मुळापासून ब्रोकरांची जागा. खासगी मालकाला तिथे बोट टाकता येत नाही. आम्ही ब्रोकरांनीच वर्षानुवर्षं तिथे बोटींची मापं भरली, इंजिनाचे तास भरले, फोटो चढवले आणि बोट गेली की किती डॉलरला गेली तेही भरलं. आज यॉटवर्ल्ड, बोट ट्रेडर आणि बोट्स डॉट कॉम ही तिन्ही एकाच कंपनीची आहेत, बोट्स ग्रुपची. २०१६ मध्ये एपॅक्स पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीने हा धंदा विकत घेतला, पुढे पर्मिरा ही दुसरी गुंतवणूक कंपनी आली. अशा मालकाला उत्पन्न दरवर्षी चढतं हवं असतं. बाजारातल्या बोटींची संख्या तर दरवर्षी चढत नाही. मग चढणार काय, तर दर, पॅकेजं, आणि ‘तुमची बोट यादीत वर दाखवतो, त्याचे एवढे’ अशी जोडकामं. हा माझा अंदाज आहे, पण दर महिन्याला ते बिल भरणाऱ्या माणसाचा अंदाज आहे.

पर्याय नाहीत असं नाही. याट्को हे दुसरं पोर्टल आहे. इंटरनॅशनल यॉट ब्रोकर्स असोसिएशन या आमच्या संघटनेने स्वतःचं एमएलएस उभं केलं, म्हणजे ब्रोकरांनी आपसात लिस्टिंग वाटून घ्यायची यादी. मी तिथेही बोटी टाकतो आणि बाकीच्यांनाही टाका म्हणून आग्रह करतो. पण गिऱ्हाईक शनिवारी रात्री जेवण झाल्यावर फोनवर बोटी बघत बसतो तो सवय लागलेल्या ठिकाणीच बसतो. तो तिथे आहे म्हणून आम्ही तिथे, आणि आम्ही तिथे आहोत म्हणून तो. मोठ्या कंपन्यांना बिलात घासाघीस करता येते. दोन टेबलांच्या ऑफिसाला ती करता येत नाही.

आता हिशेब. आकडे सोपे धरलेत. प्रत्येक ऑफिसचं पॅकेज वेगळं असतं, पण हिशेबाची चाल तीच.

तुमची बोट ५०,००० ला गेली असं धरा. १० टक्के म्हणजे ५,०००. गिऱ्हाईक दुसऱ्या ब्रोकरचा हात धरून आला, तर निम्मे त्याचे. उरले २,५००. त्यातले निम्मे ज्याने लिस्टिंग आणलं त्या माणसाचे, निम्मे ऑफिसचे. म्हणजे ऑफिसच्या हातात १,२५०. समजा या ऑफिसचं पोर्टलचं बिल महिन्याला २,००० डॉलर आहे आणि यादीत २० बोटी आहेत. बोटीमागे महिन्याला १००. तुमची बोट जायला नऊ महिने लागले तर ९०० डॉलर पोर्टलनेच खाल्ले. उरले ३५०. फोटोग्राफर, विमा, भाडं, टेलिफोन, कॉन्ट्रॅक्टचं सॉफ्टवेअर हे सगळं त्या ३५० मध्ये.

त्याच यादीतली १२ लाख डॉलरची मोटर यॉट घ्या. कमिशन १,२०,०००, निम्मे ६०,०००, त्याचे निम्मे ३०,०००. तिलाही नऊ महिने लागले तर पोर्टलचे पैसे तेच, ९००. तिच्या बाबतीत हा खर्च कुणाच्या डोळ्यांतही येत नाही.

आणि हे झालं विकल्या गेलेल्या बोटीचं. जी बोट विकलीच जात नाही, किंवा मालकाचं मन बदलतं, तिचे महिने विकल्या गेलेल्या बोटींच्या कमिशनमधून भरायचे. बरीच पॅकेजं बोटींच्या संख्येच्या टप्प्यांवर असतात. विसापर्यंत एक दर, एकविसावी आली की पुढचा टप्पा. अशा वेळी ४५-५० हजारांची एकविसावी बोट दारात आली तर ऑफिसचा मालक काय म्हणेल हे तुम्हीच सांगा. तुमच्या पहिल्या ब्रोकरच्या बोलण्यात उद्धटपणा असेलही, पण हिशेब चुकीचा नव्हता.

याचा परिणाम पूर्ण बाजारावर झालाय आणि मला तो मनापासून खटकतो. ३० ते ३८ फुटांच्या, वीस-तीस वर्षांच्या, चांगल्या निगराणीतल्या बोटी हीच नव्या माणसाची या छंदातली पहिली पायरी असते. शिक्षक, नर्स, निवृत्त पोस्टमन असे लोक त्यातून शिडाची बोट शिकतात. तीच बोट ब्रोकरला परवडेनाशी झाली, तर ती फेसबुक मार्केटप्लेसवर आणि क्रेगलिस्टवर जाते. तिथे सर्व्हेची, म्हणजे जाणकाराकडून बोट तपासून घ्यायची, शिस्त नाही, व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे ठेवायला एस्क्रो नाही, आणि चोरलेल्या फोटोंच्या खोट्या जाहिराती भरपूर. पहिलाच अनुभव वाईट आला की तो माणूस पुन्हा बोटीकडे फिरकत नाही.

उलट बाजूही सांगतो, कारण जुना काळ चांगला होता असं म्हणणं खरं होणार नाही. मी ज्या ऑफिसात शिकलो तिथे एके काळी साठच्या वर बोटी यादीत होत्या. मालक अभिमानाने सांगायचा. त्यातल्या निम्म्या मेलेल्या होत्या. मेलेल्या म्हणजे भाव इतका वरचा की कुणी चौकशीही करू नये, आणि मालकाला तसं तोंडावर सांगायची कुणाची तयारी नव्हती. लिस्टिंग ठेवायला फारसं काही पडत नव्हतं, मग कशाला वाईटपणा घ्या. पुढे एका वर्षी पोर्टलचं बिल एकदम वर गेलं. एका दुपारी मालकाने यादी कागदावर काढली, लाल पेन घेतलं आणि अकरा बोटी खोडल्या. फोन करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक ३४ फुटी ट्रॉलर (मासेमारीचा नव्हे, संथ चालणारी हौसेची मोटरबोट) होता, नवरा गेल्यावर एका बाईंनी विकायला ठेवलेला. सव्वीस महिने यादीत. त्यांनी फोनवर मला एवढंच विचारलं, “म्हणजे इतक्या दिवसांत कुणी बघायलाच आलं नाही का?” कुणी आलं नव्हतं. भाव बाजारापेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त होता, आणि हे ऑफिसात सगळ्यांना पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. सव्वीस महिन्यांचं डॉकचं भाडं त्यांनी भरलं. मी तेव्हा नवीन होतो, तरी तो फोन ठेवल्यावर ठरवलं की भाव पटत नसेल तर लिस्टिंग घ्यायचं नाही, आणि का घेत नाही ते पहिल्याच भेटीत सांगायचं. महाग लिस्टिंगमुळे एवढं तरी झालं की ब्रोकरला खरं बोलणं भाग पडलं.

भावाचा विषय निघालाय तर तुमच्या ५८,००० कडे येतो. हा आकडा तुम्ही कुठून काढलात ते मला माहीत आहे. पोर्टल उघडलंत, कॅटालिना ३६ टाकलंत, दहा-बारा बोटी बघितल्यात, आपली त्यातल्या बऱ्यापैकी बोटीसारखी आहे म्हणून मधला आकडा घेतलात. सगळे मालक असंच करतात. पण त्या सगळ्या मागितलेल्या किमती आहेत. आणि जी बोट पोर्टलवर तुम्हाला दिसतेय ती अजून विकली गेलेली नाही, हेही त्यातच आलं. तीन आठवड्यांत गेलेली बोट तुम्हाला दिसतच नाही. विकल्याच्या किमती साठवलेल्या असतात सोल्डबोट्स नावाच्या भांडारात, आणि ते फक्त पैसे भरणाऱ्या ब्रोकर सभासदांना उघडतं. आम्हीच भरलेली माहिती आम्ही पैसे देऊन बघतो, याची चीड मला आजही येते. पण तुमच्या दृष्टीने यातून एक सरळ गोष्ट निघते. ब्रोकर पोर्टलला जे पैसे देतो त्यातली तुमच्या सर्वांत उपयोगाची चीज जाहिरात नाही, हे विकल्याच्या किमतींचं भांडार आहे.

म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही ब्रोकरांना हेच विचारा: गेल्या दीड वर्षात फ्लोरिडात विकल्या गेलेल्या याच मॉडेलच्या, आगेमागे तीन-चार वर्षांच्या बोटी दाखवा. मागितलेली किंमत, शेवटची किंमत आणि किती दिवस लागले, असे तीन रकाने. जो हे समोर बसून दाखवतो त्याला कमिशन द्यायला हरकत नाही. जो “बाजार चांगला आहे, ५८ टाकून बघू” म्हणतो त्याला फक्त लिस्टिंग हवंय.

आमच्या हर्णैला होडी विकायची तर पावसाळ्यात बोलणी व्हायची. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढून शाकारलेल्या, तळ उघडा. घेणारा येऊन फळ्यांवर बोटांनी ठोकून बघायचा, आणि अलीकडच्या दोन वर्षांत कुठली होडी कितीला गेली हे बंदरावरच्या पोरालाही पाठ असायचं. त्यामुळे कुणी भलता भाव सांगितला तर तिथेच गप्प व्हायची पाळी यायची. इथे सर्व्हेयर तेच ठोकून बघतो. छोटी हातोडी घेऊन डेकवर टक टक करत पुढे सरकतो, आणि आवाज टणक येता येता एकदम धप असा बसका आला की थांबून खडूने गोल करतो. आत पाणी शिरून गाभा सुटलाय. तपासायची रीत दोन्हीकडे एकच. पण कितीला गेली हे जे बंदरावर सगळ्यांना फुकट कळायचं, ते इथे कुलपात आहे.

आता स्वतः विकायचं का? तुमच्या किमतीच्या बोटीला हा पर्याय मी उडवून लावणार नाही. बोट ट्रेडर आणि बोट्स डॉट कॉमवर खासगी मालकाला जाहिरात टाकता येते. कॅटालिना ३६ च्या मालकांची स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिथे बघणारा माणूस उगाच वेळ घालवणारा नसतो, त्याला हेच मॉडेल हवं असतं. साठ दिवस स्वतः प्रयत्न करून बघणं शहाणपणाचं आहे. पण चार गोष्टी माहीत असू द्या.

ज्या गिऱ्हाइकाने स्वतःचा ब्रोकर धरलाय, त्याला तो ब्रोकर तुमची जाहिरात दाखवायची शक्यता कमी, कारण त्यात त्याचं कमिशन नाही. म्हणजे गिऱ्हाइकांचा एक भाग तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

फ्लोरिडात ३२ फुटांपेक्षा मोठ्या वापरलेल्या बोटींची दलाली करायला राज्याचं लायसन्स लागतं, आणि ब्रोकरला गिऱ्हाइकाची अनामत एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. तुमची बोट ३६ फुटी, म्हणजे या कायद्यात बसते. मालकाने स्वतःची बोट स्वतः विकायला लायसन्स लागत नाही, पण मग अनामत कुणाकडे ठेवायची हा प्रश्न तुमचा. अनोळखी माणसाचा बँकेचा चेक घेऊन बोट सोडू नका. ठरलेल्या किमतीपेक्षा जास्तीचा चेक पाठवून ‘वरचे पैसे बोट नेणाऱ्याला द्या’ म्हणणारा शंभर टक्के फसवणारा असतो. पैसे आणि कागद सांभाळायला एखादी डॉक्युमेंटेशन एजन्सी किंवा सागरी कायद्याचा वकील फी घेऊन मध्ये राहतो, त्याला धरा. बोट कोस्ट गार्डकडे डॉक्युमेंटेड, म्हणजे नोंदलेली, असेल तर अॅबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल, म्हणजे मालकीचा आणि बोज्यांचा उतारा, आधीच मागवून ठेवा. दहा वर्षांपूर्वी फेडलेलं कर्ज तिथे अजून बोज्याच्या रूपाने उभं असलेलं मी कितीदा पाहिलंय, आणि अशा वेळी व्यवहार शेवटच्या दिवशी अडतो.

तिसरी गोष्ट फार कमी मालकांना माहीत असते. फ्लोरिडाबाहेरचा गिऱ्हाईक बोट घेऊन ठरावीक मुदतीत राज्याबाहेर नेणार असेल, तर त्याला फ्लोरिडाच्या विक्रीकरातून सूट मिळू शकते. पण ही तरतूद नोंदणीकृत डीलरकडून किंवा त्याच्यामार्फत झालेल्या विक्रीला आहे. मालकाने परस्पर विकली तर ती लागू होत नाही. ५०,००० वर ६ टक्के म्हणजे ३,०००. जॉर्जियाचा किंवा टेक्सासचा गिऱ्हाईक हा हिशेब करतो आणि तेवढे पैसे तुमच्याकडून कमी करून मागतो. त्यामुळे ‘कमिशनचे ५,००० वाचवले’ यातले काही तिथेच परत जातात.

चौथी गोष्ट वेळ. डॉक फुटाला २० डॉलर धरलं तर ३६ फुटांचे महिन्याला ७२०. विमा २०० धरा, तळ घासणारा डायव्हर ८०. झाले १,०००. म्हणजे तुम्ही स्वतः विकताना पाच महिने जास्त लागले की कमिशनएवढे पैसे गेलेच. लिस्टिंगच्या खर्चावर तुम्ही ब्रोकरशी हुज्जत घालताय, पण तुमचा स्वतःचा खर्च त्याच्या दसपट वेगाने धावतोय.

तिसऱ्या ब्रोकरच्या ६०० डॉलरबद्दल. आधी पैसे मागणं म्हणजे फसवणूकच असं मी म्हणणार नाही. लहान बोटीला हाच प्रामाणिक मार्ग आहे असंही माझं मत होत चाललंय, फक्त दोन अटींवर. बोट विकली की ते ६०० कमिशनमधून वजा व्हायला हवेत. आणि त्या पैशांत काय काय होणार ते करारात लिहिलेलं हवं: कुठल्या कुठल्या पोर्टलवर, किती फोटो, व्हिडिओ आहे का. नुसतं ‘मार्केटिंग’ एवढं लिहिलं असेल तर सही करू नका. किमान ५,००० च्या अटीचंही तसंच. बोट ५०,००० च्या वर गेली तर ती अट लागूच होत नाही. ४५,००० ला गेली तर तुम्ही १० ऐवजी ११ टक्क्यांच्या वर देताय. हे समजून उमजून द्या.

कमिशन १० टक्के हा काही कायदा नाही, रिवाज आहे. घरांच्या दलालांवर मिझुरीत २०२३ मध्ये ज्युरीचा मोठा निकाल आला, त्यानंतर २०२४ मध्ये दक्षिण फ्लोरिडाच्या फेडरल कोर्टात यॉट ब्रोकरांच्या संघटनांवर, मोठ्या ब्रोकरेज कंपन्यांवर आणि लिस्टिंग पोर्टलवरही दावा झाला. दावा करणाऱ्यांचं म्हणणं, विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या ब्रोकरचंही कमिशन भरायचं या रिवाजामुळे दर वर टिकून राहिलेत. कोर्टाचं काहीही होवो, तुमच्या करारात तुम्ही बोलणी करू शकता. मला स्वतःला योग्य वाटणारी मागणी अशी: दुसरा ब्रोकर आला तर १० टक्के, कारण ते दोघांत वाटले जातात. तुमच्याच ब्रोकरला थेट गिऱ्हाईक मिळाला तर ८. बहुतेक जण हे मान्य करतात. दर कमी करायला सांगण्यापेक्षा हे त्यांना पटतं.

मुदत सहा महिन्यांची मागतील. नव्वद दिवस म्हणा. नव्वद दिवसांत किती जणांनी बोट उघडून बघितली, किती चौकशा आल्या, किती जण प्रत्यक्ष आले हे पोर्टलच्या मागच्या बाजूला ब्रोकरला दिसतं. दर महिन्याला ते मागा. खूप जण बघतात पण चौकशी नाही, तर भाव चुकलाय. चौकशा येतात पण कुणी बोटीवर येत नाही, तर फोटो किंवा ब्रोकरचं उत्तर देणं चुकलंय. येऊन जातात आणि ऑफर देत नाहीत, तर चूक बोटीत आहे.

भाव ठरवताना शोधाच्या चौकटींकडेही बघा. माणूस पोर्टलवर ‘५०,००० पर्यंत’ असं टाकतो. ५८,००० ची बोट त्याला दिसतच नाही, आणि ‘६०,००० पर्यंत’ टाकणाऱ्याला ती त्या रकमेतल्या नव्या, मोठ्या बोटींच्या शेजारी दिसते. विकल्याच्या किमती ४८-५० च्या आसपास निघाल्या, तर ४९,९०० वर सुरुवात करणं हे ५८ वरून पायरी पायरीने खाली येण्यापेक्षा कितीतरी चांगलं. पहिले दोन आठवडे लिस्टिंग नवीन असतं, ज्यांनी शोध लावून ठेवलाय त्यांना सूचना जाते, आणि ती माणसं खरी तयार असतात. ते पंधरा दिवस चुकीच्या भावात घालवले तर पुढे पैसे देऊन वर चढवलेली जाहिरातही ते परत आणत नाही. ‘फीचर्ड’ जागेसाठी वेगळे पैसे मागितले तर मी तुमच्या बोटीला देणार नाही.

त्या पैशांत बोट पाण्याबाहेर काढा. लिस्टिंगच्या आधी, नंतर नाही. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, विमावाले त्या आधी कुरकुर करतात आणि गिऱ्हाईकही थबकतो, म्हणून जानेवारीत यार्डात वेळ घ्या आणि फेब्रुवारीत यादीत या. तळ धुतला की कीलच्या (बोटीखालच्या वजनदार पात्याच्या) पुढच्या टोकाला, जिथे ती हलला, म्हणजे बोटीच्या अंगाला, मिळते तिथे, निरखून बघा. हसऱ्या ओठांसारखी आडवी चीर दिसते का? कॅटालिनावाले तिला ‘कॅटालिना स्माइल’ म्हणतात. तुमच्या वर्षाच्या बोटीत बहुधा ती वरवरची निघेल, पण प्रत्येक खरेदीदाराने तिच्याबद्दल वाचलेलं असतं आणि न बघताच तो घाबरलेला असतो. दिसली तर यार्डाकडून दुरुस्त करून घ्या आणि आधीचा, नंतरचा असे दोन फोटो, पावतीसकट, लिस्टिंगमध्ये घाला. आत चेनप्लेटजवळच्या (डोलकाठीच्या तारा जिथे बोटीला अडकवतात त्या पट्ट्यांजवळच्या) लाकडावर पाण्याचे काळे डाग असतील तर तेही लपवू नका. इंजिनाचं झाकण उघडून, तासांचा मीटर वाचता येईल असा एक फोटो घ्या. स्टँडिंग रिगिंग, म्हणजे डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा, कधी बदललं त्याचं बिल शोधा. ते सापडलं तर मला कळवा, तुमच्या भावाबद्दलचं माझं मत त्या एका कागदावर दोन-तीन हजारांनी हलू शकतं.